१११ आणि १०७ : रेक्समच्या हंगामाचा भिंतीवरचा तक्ता

५ मे २०२५

तालमीच्या वाचनालयासाठी मोठा तक्ता करायचं पक्कं झालं. विषय रेक्सम या फुटबॉल क्लबचा २०२२-२३चा हंगाम. निमित्त गेल्या महिन्यातलं आहे. रेक्समला सलग तिसऱ्यांदा वरच्या लीगमध्ये बढती मिळाली आणि पेठेतल्या पोरांचं एकच पालुपद सुरू झालं, "हॉलिवूडचा पैसा हाय, जाणारच की वर!" त्यावर कट्ट्यावर घसा कोरडा करण्यापेक्षा गुण भिंतीवर मांडलेले बरे.

तीन बढत्यांपैकी पहिलीच घेतो, कारण ती सगळ्यांत अरुंद दारातून झाली. नॅशनल लीग ही इंग्लंडची पाचवी पायरी. २४ क्लब, प्रत्येकाचे ४६ सामने. पहिला आलेला क्लब थेट वर जातो. दुसऱ्यापासून सातव्यापर्यंतचे सहा जण प्ले-ऑफ, म्हणजे बाद पद्धतीचे सामने, खेळतात, त्यातून आणखी एक जातो. म्हणजे २४ जणांत दोनच. वरच्या लीग टू मध्ये हेच प्रमाण तीन थेट आणि एक प्ले-ऑफमधून, असं चारचं आहे. पाचवीतून चौथीत जाणं हे चौथीतून तिसरीत जाण्यापेक्षा कठीण आहे. तक्त्याच्या डोक्यावर हेच ठळक लिहायचं, बाकी सगळं त्याच्याखाली.

८ मे

तक्ता कुठून सुरू करायचा? पुतण्या म्हणतो, फेब्रुवारी २०२१पासून, म्हणजे रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएल्हेनी या हॉलिवूडच्या अभिनेत्यांनी क्लब घेतला तिथून. मला ते पटत नाही. तिथून सुरुवात केली की गोष्ट आपोआप पैशाची होते.

डाव्या बाजूला एक अरुंद पट्टी घेतो, हंगामाच्या आधीची. त्यात काय काय बसवायचं :

क्लबची स्थापना १८६४ची. क्लबच्या घरच्या रेसकोर्स मैदानावर वेल्सचा संघ १८७७मध्ये स्कॉटलंडशी खेळला. आजही आंतरराष्ट्रीय सामने होतात अशा मैदानांत हे जगातलं सर्वांत जुनं. गाव वेल्समध्ये, सरहद्दीजवळ, पण क्लब खेळतो इंग्लंडच्या लीगमध्ये. गाव कोळशाच्या खाणींचं. २२ सप्टेंबर १९३४ला जवळच्या ग्रेसफर्ड खाणीत स्फोट होऊन २६६ जण गेले. त्या दिवशी दुपारी रेक्समचा सामना होता. तो बघता यावा म्हणून कित्येकांनी पाळी बदलून रात्रीची घेतली होती. या क्लबशी गावाचं काय नातं आहे ते सांगायला मला दुसरं काही लिहावं लागत नाही. पट्टीत ही ओळ राहणार, जागा कमी पडली तरी.

मग पडझड. डिसेंबर २००४मध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेला आणि त्याबद्दल १० गुण कापले गेले. त्या नियमाखाली शिक्षा झालेला हा लीगमधला पहिला क्लब. २००८मध्ये वरच्या पायऱ्यांच्या फुटबॉल लीगमधूनच बाहेर, पाचव्या पायरीवर. १९२१पासून तिथं होते. २०११मध्ये पाचव्या पायरीवर खेळायला लागणारी अनामत भरायची ऐपत नव्हती, तेव्हा चाहत्यांनी एका दिवसात लाख पौंडांहून जास्त गोळा केले. पुढं क्लब चाहत्यांच्या ट्रस्टच्याच ताब्यात आला. २०२०मध्ये विक्रीचा प्रस्ताव आला तेव्हा ट्रस्टच्या सभासदांनी मतदान केलं, ९८.६ टक्के बाजूने.

आणि पट्टीतली सगळ्यांत महत्त्वाची नोंद, २०११-१२. रेक्सम ९८ गुण. फ्लीटवुड टाउन १०३. फ्लीटवुड वर गेले, रेक्सम प्ले-ऑफमध्ये ल्यूटनकडून हरले. ९८ गुण मिळवूनही खालीच. पुढच्या वर्षी प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात वेम्बलीवर न्यूपोर्टकडून ०-२. तेव्हा हॉलिवूड नव्हतं, दार मात्र हेच होतं.

१२ मे

आडव्या अक्षावर तारखा घ्यायच्या की खेळलेले सामने? आज दिवसभर यातच डोकं गेलं.

खेळलेले सामने घेतले तर दोन्ही संघांची तुलना रास्त होते. पण मग जो ताण होता तो दिसतच नाही. रेक्सम एफए कप मध्ये, म्हणजे सगळ्या पायऱ्यांवरच्या क्लबांच्या बाद स्पर्धेत, पुढं जात राहिलं, लीगचे सामने मागं पडले, त्यामुळं पहिल्या जागेचा दुसरा दावेदार नॉट्स काउंटी बऱ्याच वेळा वर दिसायचे आणि रेक्समच्या हातात एखादा सामना शिल्लक असायचा. शिल्लक सामना म्हणजे गुण नव्हेत. तो जिंकावा लागतो. रोज सकाळी तक्ता उघडून बघणाऱ्याला जे दिसत होतं, तेच आपल्या भिंतीवर दिसायला हवं. तारखा घेतल्या. दोन रेघा, आणि प्रत्येक महिन्याअखेर किती सामने झाले ते बारीक आकड्यांत.

दोन रेघा हेही आजच ठरलं. आधी एकाच संघाचा तक्ता डोक्यात होता. नॉट्स काउंटीशिवाय हा हंगाम सांगणं म्हणजे जोड्यातला एकच पैलवान दाखवून कुस्ती सांगणं.

१३ मे

रंग : रेक्सम लाल, नॉट्स काळी-पांढरी. हे काळे-पांढरे पट्टे युव्हेंटसने १९०३च्या सुमारास नॉट्सकडूनच उचलले. पोरांना हे सांगितलं तर विश्वास बसत नाही. समासात टाकतो.

१७ मे

पैशाचा चौकोन. हा टाळून चालणार नाही, पोरांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही.

पॉल मलिन २०२०-२१मध्ये केंब्रिजकडून खेळताना लीग टू मध्ये ३२ गोल करून आला. केंब्रिज वर, तिसऱ्या पायरीवर गेलं आणि हा पठ्ठ्या त्यांना सोडून पाचवीवर उतरला. रेक्सममध्ये पैसा आहे याचा याहून चांगला पुरावा नको. ऑली पामरसाठी जानेवारी २०२२मध्ये तीन लाख पौंड मोजले, क्लबचा तेव्हाचा उच्चांक. एलियट ली ल्यूटनमधून आला. प्रशिक्षक फिल पार्किन्सन, ज्याच्या चौथ्या पायरीवरच्या ब्रॅडफर्डने २०१३ला लीग कप ची अंतिम फेरी गाठली होती, तो या पायरीवर एरवी आलाच नसता. २०२२-२३चा ताळेबंद : उत्पन्न सुमारे १०५ लाख पौंड, तोटा ५१ लाख. पाचव्या पायरीच्या मानाने हे आकडे वेगळ्याच जगातले.

पण मग त्याच चौकोनाच्या दुसऱ्या अर्ध्यात २०२१-२२ लिहायचं. मालक तेच, मलिन तोच, पार्किन्सन तोच. लीगमध्ये स्टॉकपोर्टच्या मागं दुसरे. खालच्या पायऱ्यांवरच्या क्लबांच्या एफए ट्रॉफी च्या अंतिम सामन्यात ब्रॉमलीकडून ०-१. सहाच दिवसांनी प्ले-ऑफच्या उपांत्य सामन्यात ग्रिम्सबीकडून घरच्या मैदानावर, जादा वेळेत, ४-५. पैसा त्याही वर्षी होताच.

आणि नॉट्स काही उपाशी नव्हते. मालक डेन्मार्कचे रीड्ट्झ बंधू, फुटबॉलच्या आकडेवारीचा धंदा करणारे. त्यांनी मॅकॉली लँगस्टाफला गेट्सहेडमधून, म्हणजे आणखी एक पायरी खालून आणला. त्याने त्या हंगामात लीगमध्ये ४२ गोल केले. मलिनचे ३८. सगळ्यांत जास्त गोल करणारा माणूस दुसऱ्या आलेल्या संघात! खालच्या पायरीवरचा माणूस हेरून आणणं हे मला मलिनला आणण्यापेक्षा मोठं कसब वाटतं. तक्त्यावर हे मत लिहिणार नाही, इथं लिहून ठेवतो.

२१ मे

एफए कप ची तिसरी रेघ काढायची नाही, फक्त तीन ठिपके.

७ जानेवारी २०२३, कोव्हेंट्रीच्या मैदानावर ४-३. ४-१ आघाडी होती, मग शेवटी धापा टाकत सामना वाचवला. २९ जानेवारी, रेसकोर्सवर शेफिल्ड युनायटेड, ३-३. भरपाई वेळेत शेफिल्डच्या इगनने बरोबरी केली नसती तर रेक्सम पाचव्या फेरीत टॉटनहॅमला घरी बोलावून खेळलं असतं. ७ फेब्रुवारीला फेरसामन्यात १-३. तिथं १-१ असताना मलिनची एक पेनल्टी हुकली, आणि शेवटचे दोन गोल भरपाई वेळेत खाल्ले.

दोन्ही प्रतिस्पर्धी तीन पायऱ्या वरचे. शेफिल्ड त्याच हंगामात प्रीमियर लीग मध्ये, म्हणजे पहिल्या पायरीवर, गेलं. कोव्हेंट्री मे महिन्यात वेम्बलीवर प्रीमियर लीग च्या दारात उभं होतं, पेनल्टींवर हरलं. म्हणजे जानेवारीपर्यंत रेक्सम ज्यांच्याशी बरोबरीनं खेळत होतं ते देशातल्या पहिल्या पंचवीस क्लबांतले. आणि तरीही लीगमध्ये पहिला क्रमांक हातात नव्हता! हे वाक्य ठिपक्यांशेजारी जसंच्या तसं घालतो.

२२ मे

हरलेले सामने काळ्या फुलीने. रेक्समच्या फुल्या तीनच : ऑगस्टमध्ये चेस्टरफिल्ड ०-२, ४ ऑक्टोबरला नॉट्सच्या मेडो लेनवर ०-१, आणि ७ एप्रिलला हॅलिफॅक्समध्ये १-३. ऑक्टोबर ते एप्रिल लीगमध्ये एकही हार नाही. नॉट्सच्याही अखेरीस तीनच. रेघा इतक्या चिकटून जातात की छपाईत एकमेकींवर चढतील. जाडी कमी केली.

२६ मे

यंदा पावसाने मे महिन्यातच धुमाकूळ घातलाय. मैदान चिखलात, पोरं वाचनालयात. त्यामुळं १० एप्रिलच्या रेक्सम-नॉट्स सामन्याचा चौकोन सगळ्यांच्या देखत, सगळ्यांच्या सूचनांसकट झाला.

सामन्याआधी दोघांचे १०० गुण. पुन्हा लिहितो, दोघांचेही शंभर. नॉट्स गोलफरकाने वर, रेक्समचा एक सामना कमी झालेला. तीन दिवसांपूर्वीच रेक्समने हॅलिफॅक्समध्ये मार खाल्लेला, म्हणून रेघ तिथं आडवी झालेली. ईस्टरचा सोमवार, रेसकोर्सवर दहा हजारांच्या आसपास माणसं.

पूर्वार्ध संपता संपता नॉट्सच्या जॉन बॉस्टॉकची फ्री किक, ०-१. उत्तरार्धात मलिन, १-१. मेंडी, २-१. नॉट्सच्या कॅमेरनचं हेडर, २-२. एलियट ली, ३-२. आणि भरपाई वेळेच्या सहाव्या-सातव्या मिनिटाला रेक्समच्या गोलसमोरच्या पेटीत चेंडू हाताला लागला, नॉट्सला पेनल्टी. सेड्रिन नाही, सेडविन स्कॉट (नाव लिहिताना पुतण्याने दोनदा चुकवलं). रेक्समचा गोलरक्षक बेन फॉस्टरने अडवली.

पोरांना वाटतं की त्या एका हाताने लीग जिंकली. मग फळ्यावर मांडलं. पेनल्टी गोलात गेली असती तर दोघे १०१वर, रेक्समचा सामना शिल्लकच. नशीब तरीही रेक्समच्याच हातात राहिलं असतं. अडवल्यावर रेक्सम १०३, नॉट्स १००, आणि सामना शिल्लक. चार सामन्यांत तीन गुणांचं अंतर आणि वर एक सामना. फरक मोठाच, पण निकाल नव्हे. एकजण म्हणाला, "मग ०-१ वर हरले असते तर?" तर नॉट्स १०३, रेक्सम १००, शिल्लक सामना जिंकून बरोबरी, आणि गोलफरक नॉट्सचा. ते खरं संकट. म्हणजे पेनल्टीइतकेच उत्तरार्धातले पहिले दोन गोलही मोलाचे. चौकोनात तिन्ही शक्यता छापायच्या ठरल्या : जिंकलो तर, बरोबरी तर, हरलो तर.

२९ मे

फॉस्टरबद्दल दोन ओळींऐवजी पूर्ण परिच्छेद. मोह आवरत नाही.

२००४-०५मध्ये हा स्टोकचा पोरगा रेक्समकडे उसना खेळत होता. त्या हंगामात रेक्समने साउथएंडला हरवून फुटबॉल लीग ट्रॉफी जिंकली. मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक अॅलेक्स फर्ग्युसन ते सामने बघायला आले होते ते मुलासाठी. डॅरन फर्ग्युसन रेक्समकडून खेळायचा. मुलाला बघायला आले आणि गोलरक्षक घेऊन गेले, युनायटेडला. पुढं तो इंग्लंडकडूनही खेळला. २०२२मध्ये निवृत्त झाला. मार्च २०२३मध्ये रेक्समचा गोलरक्षक मार्क हॉवर्ड जखमी झाला आणि फॉस्टर परत आला, हंगामाचे उरलेले सामने खेळायला. ३ एप्रिलला त्याला ४० पूर्ण झाली. त्यानंतर आठवडाभरात ही पेनल्टी.

वाचनालयातले एक ज्येष्ठ सभासद, स्वतः एकेकाळचे गोली, एवढंच बोलले, "चाळिशीत उजवीकडं झेप घेऊन उठता येत नाही, तू लिही तेवढं." उजवीकडे की डावीकडे ते लिहिणार नाही, बाकी लिहितो.

२ जून

शेवटची चढण. १५ एप्रिल बार्नेटला ०-०, रेक्सम १०४. १८ एप्रिल योव्हिल ३-०, १०७. याच सामन्याबरोबर योव्हिल खालच्या पायरीवर गेलं. एकाच गवतावर एक संघ वर निघालेला, एक खाली.

२२ एप्रिलला बोरहॅम वुड. त्याच दिवशी आधी नॉट्सने मेडस्टोनला ५-२ हरवून १०६ केले. आता अंतर एकच गुण. पहिल्याच मिनिटात बोरहॅम वुडचा गोल. रेसकोर्सवरचे चेहरे मी तेव्हा स्क्रीनवर बघितलेत, त्यांना गेल्या पंधरा वर्षांतलं सगळं आठवलं असणार. मग एलियट ली, आणि उत्तरार्धात मलिनचे दोन. ३-१. ११० गुण. नॉट्सला उरलेला सामना जिंकून १०९च गाठता येत होते.

शेवटच्या दिवशी दोघांच्याही बरोबऱ्या. अखेर रेक्सम १११, ३४ विजय, ११६ गोल. नॉट्स १०७, ३२ विजय, ११७ गोल. आधीचा विक्रम क्रॉलीचा, २०१०-११मधला १०५. म्हणजे दुसऱ्या आलेल्या संघानेही विक्रम मोडला.

तिसरे चेस्टरफिल्ड, ८४.

हा आकडा तक्त्यावर टाकला आणि कागद पुरेना. १०७ आणि ८४ यांच्या मधली मोकळी जागा तशीच मोकळी सोडायची. तिथं मजकूर घालायचा आग्रह डिझायनर मित्राने धरला होता, नको म्हटलं.

५ जून

तक्ता २९ एप्रिलला थांबवायचा नाही. नॉट्सची रेघ मेपर्यंत न्यायची, तुटक. पुतण्याचा विरोध : "काका, तक्ता रेक्समचा आहे ना?" आहे. पण पहिला आलेल्याला काय टळलं, ते दुसऱ्याचं बघूनच कळतं.

१०७ गुणांच्या नॉट्ससमोर प्ले-ऑफच्या उपांत्य सामन्यात कोण, तर ७२ गुणांचं बोरहॅम वुड. पस्तीस गुणांनी मागं असलेला संघ, आणि एकच सामना. मध्यंतराला नॉट्स ०-२. भरपाई वेळेत कशीबशी बरोबरी, आणि जादा वेळेच्या अगदी शेवटच्या क्षणी जोडी जोन्सचा गोल, ३-२. पुढं १३ मेला वेम्बलीवर चेस्टरफिल्ड. दोनदा पिछाडी, दोनदा बरोबरी. जादा वेळ संपता संपता प्रशिक्षक ल्यूक विल्यम्सने गोलरक्षकच बदलला, खास पेनल्टींसाठी आर्ची मेअर. पेनल्टींवर ४-३. शेवटची विजयी पेनल्टी सेडविन स्कॉटची, रेसकोर्सवर ज्याची फॉस्टरने अडवली होती त्याचीच.

४६ सामने विरुद्ध दोन सामने. बोरहॅम वुडने मध्यंतराची आघाडी टिकवली असती तर ७२ गुणांवाले वर जाण्याच्या एक सामना अलीकडे आले असते आणि १०७वाले खालीच राहिले असते. नियमाप्रमाणे ते अगदी योग्यच ठरलं असतं. १९८७च्या आधी तर पहिला आलेलाही आपोआप वर जात नसे, वरच्या क्लबांनी मत दिलं तरच. दुसरी जागा मिळाली २००३मध्ये. आता नॅशनल लीगचे क्लब तिसरी मागतायत.

७ जून

विसरण्याआधी : रेक्समचा महिला संघही त्याच हंगामात वर गेला, वेल्सच्या लीगमध्ये. २६ मार्च २०२३ला रेसकोर्सवर त्यांच्या सामन्याला ९,५११ प्रेक्षक. मेमधली मिरवणूक दोन्ही संघांची, उघड्या बसमधून. चौकोन खाली उजवीकडे. तालमीत मुलींचा संघ काढायचा विषय दरवर्षी निघतो आणि विरतो, म्हणून हा चौकोन मुद्दाम डोळ्यांच्या उंचीवर.

९ जून

आपल्याकडचं काय, हा प्रश्न येणारच, म्हणून तळाला दोन ओळी. इंडियन सुपर लीग ही आपली वरची पायरी सुरू झाल्यावर, खालची आय-लीग जिंकून तिथं जाण्याची वाट पहिल्यांदा खुली झाली तीही २०२२-२३मध्येच, आणि त्या वाटेने पहिला गेला पंजाबचा संघ. पुढच्या वर्षी मोहम्मेडन. वरून खाली मात्र २०२५पर्यंत कुणी आलं नव्हतं. योव्हिलसारखं रडायची वेळ आपल्या वरच्या क्लबांवर तोवर आलेलीच नव्हती, आणि माझ्या मते म्हणूनच तिथल्या तळाच्या सामन्यांना मार्चमध्ये कुणी बघत नाही. मत म्हणून छापायला हरकत नाही, असं सभासदांनी ठरवलं. खाली "संपादक" असं लिहायचं.

१४ जून

छापून आला. चार फूट बाय अडीच, फ्लेक्स नको म्हणून जाड कागदावर. काळी रेघ मनासारखी आली, लाल थोडी विटकरी.

लावल्यावर तासाभरातच वाद. हॉलिवूडवाला मुद्दा सोडलेला नाही. "पैसा होता म्हणूनच १११ झाले, नाहीतर ९८ वरच राहिले असते" असा त्याचा नवा अवतार आहे. यात तथ्य आहे, आणि डावीकडच्या पट्टीत ९८ छापून आम्हीच त्यांना ते हत्यार दिलं. उलट बाजूचे म्हणतात, ९८ला पहिला नंबर येतोच की, चेस्टरफिल्डला पुढच्याच वर्षी आला. तपासलं. चेस्टरफिल्ड २०२३-२४, ९८ गुण, पहिले, थेट वर.

ही ओळ तक्त्यात नाही. चिकटपट्टीवर टंकून पट्टीतल्या ९८ शेजारी लावायची, उद्या.